मदत हवी आहे: गट नकाशातल्या फटी बुजवल्या, पण क्षेत्रं बदलली

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावाचा १:५००० चा गट नकाशा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत. फाइल आयती मिळालीय, त्यात प्रत्येक गट सुटा काढलेला. त्यातल्या टोपोलॉजी चेकरला (आकार एकमेकांना नीट भिडतात का ते तपासणारं साधन) दोनच नियम दिले: गट एकमेकांवर चढू नयेत आणि मधे फट नको. अख्खं गाव लाल झालं!

मग ग्रास सॉफ्टवेअरचं व्ही.क्लीन हे साफसफाईचं साधन चालवलं, स्नॅप ५ मीटर (म्हणजे तेवढ्या अंतरातले बिंदू एकत्र चिकटवायचे), वर बारीक पट्ट्या काढून टाकायचा पर्याय. चुका शून्य. पण गाडीवाट गायब झाली, आणि सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आरचा गट १.५५ दाखवतोय. शेजारच्याचा वाढला. टॉलरन्स, म्हणजे हे स्नॅपचं अंतर, किती ठेवू?

जुना_मोजणीवाला: दादा, साडेसोळा फुटी गाडीवाट म्हणजे जेमतेम ५ मीटर. तेवढाच स्नॅप दिलात तर ती राहील कशी? पट्ट्या काढणारा पर्याय तर अजून भारी. ज्या शेजाऱ्याशी सामाईक हद्द सर्वांत लांब, त्याला पट्टी जोडून मोकळा. लांब बांधवाल्याला जमीन फुकट!

नियम फक्त दोन गटांमधली रेषा एकच आहे का ते बघतो. ती खऱ्या बांधावर आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. १:५००० वर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. ४०० मीटरच्या बांधाला तेवढ्यात १० आर सरकतात, जवळपास पाव एकर. म्हणून जागेवर मोजलेला दगड असेल तर तो पहिला, मग टिपण-फाळणीतली, म्हणजे मोजणीच्या कागदांतली, मापं (जुनी असतील तर ३३ फुटी साखळीत), स्कॅनची रेषा सगळ्यात शेवटी. दोन रेषांची सरासरी काढू नका.

नकाशेबाज: पॉलिगॉन (गटांचे बंद आकार) दुरुस्त करत बसू नका राव. बांध एकदाच, लाइन लेयरमध्ये (नुसत्या रेषांच्या थरात) काढा, त्यावरून पॉलिगॉन बनवा. एका बाजूला लांब गट आणि पलीकडे दोन गट असतील, तर मधल्या दगडाचा व्हर्टेक्स (रेषेवरचा बिंदू) लांब गटाच्या रेषेवरही हवा. पुढच्या दुरुस्तीला टोपोलॉजिकल एडिटिंग चालू ठेवा, म्हणजे दगड हलवला की सगळे गट सोबत हलतात. ओढा, रस्ता, गावठाण यांचेही पॉलिगॉन लागतील, नाहीतर चेकर त्यांनाच फट म्हणेल. आणि १.६२ मध्ये पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरलाय ना?

धागाकर्ता: हो, धरूनच. सगळं लाइनवर घेतो. शेजारच्या गावाची शीव माझ्या शिवेशी जुळत नाहीये, ते आधी की नंतर?

जुना_मोजणीवाला: आधी. शिवेचे दगड पक्के करा, दोन्ही गावांना तीच एक रेषा द्या, मग आतले गट. आणि सातबाऱ्याशी जुळवायला रेषा ओढू नका. फरक राहिला तर शेरा लिहा. बांधावरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा (जागेवर हद्द मोजून दाखवण्याचा) अर्ज करायला सांगा.