मदत हवी आहे: मोरोक्कोतल्या संघटनांनी राजाला नमवलं, की राजानं त्यांना पदरात घेतलं?

तळटीप

मंडळी, मी इथला 'तळटीप'. एका दिवाळी अंकासाठी मोरोक्कोवर लेख कबूल करून बसलोय आणि आता हात टेकलेत. नोकरीनिमित्त दोन वर्षं राबातला, म्हणजे मोरोक्कोच्या राजधानीत होतो, एवढंच माझं भांडवल. संपादकबाईंनी विषय दिलाय 'राजेशाहीतली लोकशाही आणि स्वयंसेवी संघटना'. मी म्हटलं, सोपं आहे. कसलं सोपं!

राबातला संसदेसमोर मोहम्मद पाचवे यांच्या नावाचा रस्ता आहे. मधोमध ताडाच्या रांगा, पलीकडे रेल्वे स्टेशन. ऑफिसातून परतताना तिथे पदवीधर बेकारांची निदर्शनं दिसायची. रंगीत जाकिटं घातलेली, प्रत्येक गटाचा रंग वेगळा. कोणी एम.ए., कोणी पीएच.डी. मागणी एकच: सरकारी नोकरी. तासभर घोषणा, मग कधी पोलिसांच्या काठ्या, कधी नुसतीच पांगापांग. अर्ध्या तासानं त्याच फुटपाथवर शेंगदाणेवाला बसलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, इथे तर बोलायची मोकळीक आहे. सहा महिन्यांनी वाटायला लागलं, ही मोकळीक कोणीतरी मोजून दिलेली आहे.

नेमका इथेच अडलोय. राजे हसन दुसरे यांच्या काळात (१९६१ ते १९९९) विरोधक गायब व्हायचे. १९७१ आणि १९७२ च्या फसलेल्या बंडांतले ५८ सैनिक १९७३ मध्ये तझमामार्तच्या गुप्त तुरुंगात टाकले, आणि असा तुरुंगच नाही म्हणून सरकार वर्षानुवर्षं कानावर हात ठेवत राहिलं. १९९१ मध्ये तो बंद झाला तेव्हा जेमतेम निम्मे जिवंत बाहेर आले. पण त्याच काळात, १९७९ मध्ये, तिथली मानवाधिकार संघटना उभी राहिली. १९९० मध्ये राजानंच मानवाधिकार परिषद नेमली. १९९८ मध्ये एकेकाळचे कैदी अब्देररहमान युसुफी पंतप्रधान झाले. मग यश कोणाचं म्हणायचं, संघटनांचं की राजवाड्याचं? दोन्ही लिहिलं तर लेख गुळमुळीत होतो. कोणी अभ्यास केला असेल तर वाट दाखवा.

पोचपावती

तळटीपकाका, एक बारीकशी गोष्ट सांगते, त्यातच तुमचं उत्तर सापडेल कदाचित.

आपल्याकडे संस्था काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. मोरोक्कोत १९५८ च्या कायद्यानुसार परवानगी लागतच नाही, फक्त कळवायचं. कागद दिले की अधिकाऱ्यानं तिथल्या तिथे तात्पुरती पोच द्यायची आणि ६० दिवसांत पक्की. कागदावर आपल्यापेक्षा मोकळा कायदा! प्रत्यक्षात काय होतं, तर अधिकारी 'नाही' म्हणतच नाही. तो फक्त पोच देत नाही. कागद घेतो नाहीतर परत सरकवतो, चहासुद्धा विचारतो. पोच नाही म्हणून बँकेत खातं नाही, सभागृह भाड्यानं मिळत नाही. नकाराचा कागदच नाही, तर कोर्टात आव्हान कशाला द्यायचं?

मी एका छोट्या संस्थेचं कागदपत्रांचं काम बघते. एका सरकारी कार्यालयात आमचा विश्वस्तबदलाचा अर्ज सव्वादोन वर्षं 'साहेबांच्या टेबलावर' होता. तेव्हा ह्यातली मजा मला कोणी समजावून सांगायला नको. त्या पोचेला अरबीत 'वस्ल' म्हणतात. आपलं 'वसूल' त्याच घरातलं.

तळटीप

ताई, हे फारच कामाचं! शब्दांवरून आठवलं. तिथे राजवाडा, अंमलदार, पोलीस, राजाच्या मर्जीतले व्यापारी ह्या सगळ्या गोतावळ्याला मिळून 'मखझन' म्हणतात. मूळ अर्थ कोठार. म्हणजे आपला 'खजिना' त्याचा सख्खा भाऊ. आणि गल्लीतला सगळ्यात खालचा सरकारी माणूस म्हणजे 'मुकद्दम', आपला मुकादमच. रहिवासी दाखल्यासाठी मला त्याच्याकडेच जावं लागलं. कॅफेबाहेरच्या खुर्चीवर बसलेला, हातात छोटी वही. माझं नाव सांगायच्या आत म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरचा हिंदी ना? तुमच्याकडे शुक्रवारी पाहुणे आले होते." पाहुणे म्हणजे माझा मावसभाऊ. तोही एकाच रात्रीपुरता.

जाईजुई

काका, मुदव्वनेबद्दल लिहिल्याशिवाय लेख पूर्ण होणारच नाही. मुदव्वना म्हणजे तिथला कुटुंबकायदा. १९९२ मध्ये बायकांच्या एका संघटनेनं दहा लाख सह्यांची मोहीम काढली. मशिदींतून विरोध झाला. १९९३ मध्ये राजानं किरकोळ बदल करून विषय मिटवला. पण त्यातून एक मोठी गोष्ट घडली: जो कायदा देवाघरचा म्हणून कोणी हात लावत नव्हतं तो माणसांनी बदलता येतो हे सगळ्यांना दिसलं. मार्च २००० मध्ये एकाच दिवशी दोन मोर्चे निघाले, राबातला सुधारणेच्या बाजूनं आणि कासाब्लांकात विरोधात. विरोधाचा मोर्चा मोठा होता! म्हणजे नुसती डोकी मोजली असती तर बायका हरल्याच होत्या.

मग १६ मे २००३ ला कासाब्लांकात बॉम्बस्फोट झाले. १२ हल्लेखोर धरून ४५ जण गेले. धार्मिक पक्षांचा आवाज एकदम खाली आला आणि त्याच ऑक्टोबरात नवे राजे मोहम्मद सहावे यांनी संसदेत सुधारणा जाहीर केली. २००४ मध्ये कायदा आला, मुलीचं लग्नाचं वय १५ वरून १८. फक्त न्यायाधीशाला सूट देण्याचा अधिकार ठेवला आणि त्या फटीतून बालविवाह होतच राहिले.

आता सांगा, श्रेय कोणाचं? मसुदा बायकांचा, मुहूर्त राजाचा. माझं मत विचाराल तर बायकांनी बारा वर्षं भाकरी थापली नसती तर राजाला वाढायला काही नव्हतंच.

औंधकर

सगळे राजे सारखे नसतात हो. आमच्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपणहून संस्थानाची घटना करून कारभार लोकांच्या हाती दिला, गांधीजींच्या सल्ल्यानं. मोरोक्कोचा राजाही २०११ मध्ये तसंच वागला ना? मग त्याला थोडं श्रेय द्यायला काय हरकत आहे?

पोचपावती

औंधकर, तुलना गोड आहे पण जमत नाही. औंधच्या राजांनी तिजोरीची किल्ली दिली. इथे २० फेब्रुवारी २०११ ला पोरं रस्त्यावर उतरली, ९ मार्चला राजाचं भाषण झालं, १ जुलैला नव्या घटनेवर जनमत घेऊन ९८ टक्क्यांवर 'हो' मिळवला. चार महिन्यांत खेळ खलास. समितीसुद्धा राजानंच नेमली होती. मिळालं ते खोटं नाही: अमाझिग (बर्बर) भाषेला अधिकृत दर्जा, सर्वाधिक जागा जिंकणाऱ्या पक्षाचाच पंतप्रधान, संघटनांचा घटनेत उल्लेख, नागरिकांना याचिकेचा हक्क. पण सैन्य, धर्म आणि मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद राजाकडेच. आणि २०१६ मध्ये निवडणूक जिंकूनही पंतप्रधान बेनकिरान यांना पाच महिने सरकार बनवता आलं नाही, शेवटी राजानं त्यांना बाजूला करून त्याच पक्षातला दुसरा माणूस नेमला. नियम पाळला की मोडला? दोन्ही.

औंधकर

बरं बुवा, माघार.

तळटीप

भांडू नका, मला सगळंच वापरायचंय. पण सगळ्यात कठीण भाग राहिलाच: २००४ चा न्याय आणि समेट आयोग, म्हणजे जुन्या राजवटीतल्या छळांची चौकशी. अध्यक्ष द्रिस बेंझेक्री, ज्यांनी स्वतः १७ वर्षं तुरुंगात काढली होती. डिसेंबर २००४ मध्ये पीडितांच्या साक्षी सरकारी टीव्हीवर थेट दाखवल्या. अरब जगात तोवर असं घडलेलं नव्हतं. नऊ हजारांवर लोकांना भरपाई मिळाली. मात्र अट अशी की छळ करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. बाई सांगते की मला इथे बांधलं, तिथे टांगलं, आणि कर्त्याच्या जागी पोकळी. मानवाधिकार संघटनेनं मग २००५ मध्ये स्वतःची वेगळी सभा भरवली आणि तिथे नावं घेऊ दिली. शिवाय आयोगाचा हिशेब १९९९ ला थांबतो, म्हणजे हल्लीच्या राजाच्या कारकिर्दीला हातच नाही.

बेंझेक्रींना काही जुने सोबती फितूर म्हणाले. मला ते पटत नाही. पण त्यांना नायक करून लेख संपवणंही पटत नाही.

विशीतला

काका, जुन्या लोकांचं बास. २०१६ मध्ये उत्तरेकडच्या रिफ भागातल्या अल होसेमा गावात जप्त केलेली मासळी वाचवायला गेलेला मुहसिन फिक्री कचऱ्याच्या गाडीत चिरडला, त्यातून रिफमधलं आंदोलन उभं राहिलं. त्याचे नेते नासेर झेफझाफींना २० वर्षं सजा झाली. ते कुठल्या नोंदणीकृत संस्थेचे नव्हते, पोचेचा प्रश्नच नव्हता. आणि सप्टेंबर २०२५ चे 'जेनझी २१२' वाले तर डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अ‍ॅपवर जमले. २१२ म्हणजे देशाचा फोन कोड. म्हणणं साधं: २०३० च्या वर्ल्डकपची स्टेडियमं बांधताय, दवाखाने कुठेत? गंमत म्हणजे सरकार बरखास्त करा ही मागणी त्यांनीही थेट राजाकडेच केली.

तळटीप

विशीतल्या, तुझ्या शेवटच्या वाक्यानं माझा लेख सुटला बघ. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं त्याच्याच दारात गाऱ्हाणं, आणि दार कधीमधी उघडतंही, म्हणून लोक पुन्हा येतात. मुकादमाच्या वहीपासून सुरुवात करतो, मग पोच, मुदव्वना आणि शेवटी तुझी पोरं. बेंझेक्री मधे.

एक शेवटची मदत. आयोगाचा अहवाल अरबी आणि फ्रेंचमध्ये आहे, आणि माझं फ्रेंच भाजीबाजारापुरतं. शिफारशींचा भाग कोणी वाचून दोन-तीन परिच्छेदांत सांगेल का? 'नागरी समाज' हा शब्द मी ठेवतोय. अरबीतही तो 'मदनी', 'मदिना' म्हणजे शहर, त्यावरूनच आलाय. संपादकबाईंना २० तारखेपर्यंत लेख हवाय.

जाईजुई

मला फ्रेंच येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी बसते.