मदत हवी: रायस्लिंगला पेट्रोलचा वास आला म्हणून बाटली परत घेतली, आता सोमवारी सहा व्हाइट वाइनची परीक्षा

डिचोलकार (शुक्रवार, रात्री १२:४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी डिचोलीचा, तीन महिन्यांपूर्वी आसगावात एका रेस्टॉरंटला स्टुअर्ड म्हणून लागलो. आधी म्हापशात बारमध्ये होतो, तिथे बिअर, फेणी, काजूच्या सीझनला उराक (फेणीच्या आधीची हलकी दारू), फार तर कोण टुरिस्ट पोर्ट वाइन मागायचा, विषय संपला. इथे वाइनचं कार्डच आठ पानांचं आणि त्यातली तीन पानं नुसती व्हाइट.

तर झालं असं, गेल्या शनिवारी एका टेबलला जुनी जर्मन रायस्लिंग उघडली, पाहुण्याने ग्लास नाकाला लावला आणि म्हणाला पेट्रोल मारतंय. मी हुंगलं तर खरंच, स्कूटरच्या टाकीचं झाकण काढल्यावर येतो तस्सा वास. मी सॉरी सॉरी म्हणत बाटली आत नेली, दुसरी उघडली, तिलाही तोच वास! मग मॅनेजर आला, पाहुण्याशी हसत दोन मिनिटं काहीतरी बोलला आणि तो माणूस चक्क खूश होऊन तीच वाइन प्यायला. आत आल्यावर मला म्हणाला सोमवारी तुझी परीक्षा, लेबल झाकून सहा ग्लास. शार्डोने, सोव्हिन्यो ब्लाँ, रायस्लिंग, चेनिन ब्लाँ, पिनो ग्रीजो आणि व्हिओनिए.

नेटवर वाचायला गेलो तर गूजबेरी, हनीसकल, ओली पाटी असलं काय काय, यातलं एकही मी जन्मात हुंगलेलं नाही. गूजबेरी म्हणजे आवळाच ना? मग सोव्हिन्योला आवळ्यासारखं काहीच का लागत नाही? मला तर सगळ्या सारख्याच वाटतात, आंबट आणि थंड. घरी बाटली नेऊन प्रॅक्टिस करायची सोय नाही, आई श्रावण पाळते आणि तिला वाटतं मी किचनमध्ये आहे. कोणाला आपल्या भाषेत समजावता येईल का?

म्हातारबा

गोव्यात राहून जर्मन पेट्रोल कशाला पिता रे. उराक घ्या, त्यात लिमका, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची. परीक्षा नाही काही नाही.

तारवटी

म्हातारबा, ऑगस्टमध्ये उराक कुठून आणू ते पण सांगा.

डिचोलकार बाबा, सगळ्यात आधी रायस्लिंग नाही, रीझलिंग म्हण. टेबलवर चुकीचं बोललास की पाहुणा तुझं पुढचं काही ऐकत नाही. मी बावीस वर्षं जहाजावर काढली, शेवटची नऊ वाइनच्या काउंटरवर, आता फोंड्याला घरी बसून कुळागर बघतोय, त्यामुळे वेळच वेळ आहे, सविस्तर सांगतो.

तुझी बाटली खराब नव्हती. त्या वासाला कारण टीडीएन नावाचं द्रव्य. द्राक्षात कॅरोटिनॉइड असतात, गाजराला रंग देतात त्याच कुळातले, त्यांच्यापासून हे हळूहळू तयार होतं. घडांवर ऊन जास्त पडलं की जास्त, आणि बाटली जुनी होत जाते तसं आणखी वाढतं. इतर द्राक्षांपेक्षा रीझलिंगमध्ये ते खूपच जास्त, म्हणून जर्मनीतली जुनी मोझेल असो की ऑस्ट्रेलियातली क्लेअर व्हॅली, हा वास येतो, आणि काही लोक मुद्दाम त्यासाठीच पैसे मोजतात. तुझ्या मॅनेजरने पाहुण्याला हेच सांगितलं असणार.

खरोखर बिघडलेली बाटली वेगळी. बुचाचा दोष असला तर पावसात भिजलेला पुठ्ठा किंवा गोणपाटासारखा कुबट वास येतो आणि फळाचा वास मरून जातो. तो एकेका बाटलीचा दोष, आणि तुझ्या दोन बाटल्यांना सारखा वास होता, तिथेच ओळखायला हवं होतंस.

आता गूजबेरी. आवळा नाही रे, आणि आपली रसभरी पण नाही, ते विलायतेतलं वेगळंच काटेरी झुडूप. शब्द सोडून दे. सोव्हिन्यो ब्लाँसाठी बाजारातून एक ढोबळी मिरची आण, मोडून हुंग, मग अर्धा कच्चा पेरू हुंग. झालं. मिरचीचा वास पायराझिन नावाच्या द्रव्यांचा, ते खऱ्या ढोबळी मिरचीतही असतं, म्हणजे ही नुसती कविता नाही. न्यूझीलंडच्या मार्लबरोची असली तर पेरू आणि पॅशनफ्रूट अंगावर येतं, फ्रान्सच्या लुआर नदीकाठची सान्सेर असली तर तेच जरा दबून.

डिचोलकार

तारवटी काका खूप खूप आभार, पॅशनफ्रूटची वेल आमच्या मागच्या दारीच आहे. पण सहा ग्लास समोर आले की सुरुवात कुठून करायची? मी घाबरलो की नाकच बंद होतं.

तारवटी

आधी पिऊच नको. सहाही ग्लास हुंगून दोन ढीग कर, ओरडणारे आणि गप्प बसणारे. सोव्हिन्यो, रीझलिंग, व्हिओनिए हे ओरडणारे. शार्डोने आणि पिनो ग्रीजो गप्प. चेनिन अधेमधे.

मग ओरडणाऱ्यांचा घोट घे आणि गिळल्यावर (किंवा थुंकल्यावर, सहा ग्लास आहेत बाबा) तोंडाला किती पाणी सुटतं ते बघ. सोव्हिन्यो आणि रीझलिंगला जिभेच्या कडांनी धो धो सुटेल. व्हिओनिएला नाही, तिच्यात आंबटपणा कमी आणि अंग जड, थोडी तेलकट म्हणावी अशी. पुस्तकात तिला जर्दाळू आणि हनीसकल लिहितात. मला विचारशील तर फेब्रुवारी-मार्चात बायका सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) विकायला बसतात ना, तिथून गेल्यासारखं वाटतं. फ्रान्सात रोन नदीकाठी काँद्रियू म्हणून गाव आहे, तिथली ही. १९६० च्या दशकात अगदी थोड्या एकरांवर उरली होती, आता आपल्या नाशकातही होते.

उरलेल्या दोघी, त्यात हिरवा वास असेल तर सोव्हिन्यो, लिंबू, फूल, हिरवं सफरचंद असेल तर रीझलिंग. रीझलिंग गोड का कोरडी (म्हणजे गोड नसलेली) हे नाकाने कळत नाही, बाटली दिसत असेल तर अल्कोहोलचा आकडा वाच. जर्मन रीझलिंगवर ८-९ टक्के असेल तर साखर राखलेली, १२ च्या आसपास असेल तर बहुतेक कोरडी. लेबलवर ट्रोकन लिहिलं असेल तर कोरडीच.

निफाडचा बागाईतदार

गोव्याच्या धाग्यात नाशिककराने नाक खुपसतोय पण चेनिनचं कोणी नीट सांगत नाही म्हणून. आमच्याकडे वाइनच्या पांढऱ्या द्राक्षात चेनिन भरपूर लावतात कारण माल चांगला देते आणि आंबटपणा धरून ठेवते. मूळची लुआरची, व्हूव्रे वगैरे, दक्षिण आफ्रिकेत सगळ्यात जास्त लागवड हिचीच, तिकडे जुनं नाव स्टीन. वासाला सफरचंद, नाशपाती, जरासा मध. नाशिकची चेनिन बऱ्याचदा किंचित गोड ठेवलेली असते, नवीन पिणाऱ्याला आवडते म्हणून. कार्डावर नाशिकची असेल तर गोडसर शेवट हीच तिची खूण धर.

आणि खायच्या थॉमसनशी हिचा संबंध लावू नका. वाइनचा मणी लहान, साल जाड, आत बिया, साखर २२-२४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) चढू द्यायची. एप्रिलात खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळ छाटणी, तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, तीही पहाटे, माल थंड असताना. युरोपात हीच तोडणी सप्टेंबरच्या आसपास. पावसात घड आला तर डावनी आणि करपा हे रोग सगळं खाऊन टाकतात, म्हणून तुमच्याकडे गोव्यात बागा नाहीत. लोक विचारत असतात.

सुंगटाची_कढी

बागाईतदार दादा छान माहिती. मी जेवणाच्या बाजूने लिहिते, कारण पाहुणा शेवटी तेच विचारणार. तिखटाबरोबर ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली जड शार्डोने देऊ नकोस, मिरची आणखी झोंबते आणि वाइन कडू लागते. हुमण (माशाची कढी) किंवा रेशाद बांगड्याबरोबर थोडी साखर राखलेली रीझलिंग नाहीतर तीच नाशिकची चेनिन, गोडव्याने तिखट बसतं. तिसऱ्यो नुसत्या खोबरं-लिंबू घालून केल्या असतील तर सोव्हिन्यो. शार्डोने बटर गार्लिक सुंगटांना (कोळंबीला), तिथे ती राणी आहे.

तुमच्या कार्डावर पोर्तुगालची आल्व्हारिन्यो असेल तर तीही चाखून ठेव, स्पेनमध्ये तिलाच आल्बारिन्यो म्हणतात, खारट वाऱ्यासारखी, तळलेल्या मोडसोबरोबर (मुडदुशीबरोबर) अप्रतिम. आणि पोर्तुगालचीच विन्यो व्हेर्द म्हणजे हिरवी वाइन असं पाहुण्याला सांगू नकोस हां, व्हेर्द इथे कोवळी या अर्थाने. आमच्या शेजारचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांनी मला यावरून चारचौघांत सुनावलंय.

डिचोलकार (रविवार, दुपारी)

ताई, दादा, काका, सगळ्यांचे आभार. काल ड्यूटी संपल्यावर बारमनने उरलेल्या बाटल्यांतलं थोडं थोडं दिलं. सोव्हिन्यो मिरची हुंगून लगेच कळली, मी स्वतःच हसायला लागलो. व्हिओनिए पण कळली. पण शार्डोने आणि पिनो ग्रीजो हे दोन गप्प बसणारे काय मला बोलायलाच तयार नाहीत.

तारवटी

शार्डोनेचं द्राक्ष मुळात भोळं, स्वतःचा मोठा वास नाही, म्हणून वाइन करणाऱ्याचा हात तिच्यात दिसतो. लोण्याचा वास आला तर समज मॅलोलॅक्टिक झालंय, म्हणजे हिरव्या सफरचंदाचं जे आम्ल त्याचं बॅक्टेरिया दह्यातलं आम्ल करतात, आंबटपणा मऊ होतो आणि त्यातच डायअॅसिटिल तयार होतं, लोण्याला लोण्याचा वास देतं तेच. व्हॅनिला किंवा भाजलेल्या पावाचा वास ओकच्या पिंपाचा. पिनो ग्रीजोला यातलं सहसा काही नसतं, हलकी, स्वच्छ, नाशपाती आणि लिंबू, घशातून पटकन खाली. ग्रीजो म्हणजे करडा, द्राक्षाची साल करडी-गुलाबी असते, पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचाच फिरलेला वाण.

पण सावध राहा. मॅनेजर हुशार असेल तर शाब्ली ठेवेल. तीही शंभर टक्के शार्डोने, पण थंड जागेतली, बहुतेक वेळा लोणी नाही, नवीन ओक नाही, नुसती धारदार. तिथे भले भले गळतात. तेव्हा वासावर जाऊ नको, तोंडात धरून बघ, शाब्लीला मधोमध भार लागतो आणि चव लांबते, साधी ग्रीजो पाण्यासारखी निघून जाते.

म्हातारबा

एवढा अभ्यास मी एसएससीला केला असता तर.

डिचोलकार (सोमवार, रात्री १:१५)

सहापैकी चार! शाब्लीच ठेवली होती काका, तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं का, आणि तुम्ही सांगूनही मी तिला ग्रीजो म्हटलं आणि ग्रीजोला शार्डोने, तिथे दोन गेले. पण खरी गंमत रीझलिंगची. मी आधी पेट्रोलच शोधत बसलो, सहापैकी एकालाही पेट्रोल नाही, घाम फुटला. मॅनेजरने मुद्दाम नवीन, कोवळी बाटली आणली होती. एक ग्लास नुसता लिंबू आणि फूल, मी तिला सोव्हिन्यो म्हणणारच होतो.

तारवटी

मग सुटलास कसा?

डिचोलकार

ढोबळी मिरची खिशात होती ना.