चिरेखाणीच्या गावातले तुमचे अनुभव

रत्नागिरी-राजापूरच्या किनारपट्टीवर खाली खाडी आणि माडाच्या बागा, वर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. सड्यावरच्या जांभ्यातूनच, म्हणजे तांबड्या दगडातूनच, आपली घरं, देवळं, विहिरी उभ्या राहिल्या. विजयदुर्गाचा तटही जांभ्याचाच. आता त्याच जांभ्याचा कापलेला ठोकळा, म्हणजे चिरा, ट्रकात बसून घाटावर जातो. खाणीशी तुमचा काय संबंध आला, लिहा. नुसतं 'पूर्वी छान होतं' नको.

सुरुवात मी करतो. आजोबा टिकाव-पहारीने चिरे पाडायचे. जमिनीतून निघालेला जांभा मऊ असतो, वाऱ्या-उन्हाने कडक होतो. 'त्याला वारं खाऊ दे, मग भिंतीत घाला,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बुकानन नावाच्या साहेबानं 1807 साली मलबारातला असाच दगड पाहून लॅटिनमधल्या विटेवरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, 'मग पाडायला का नाही आला?'

माहेरवाशीण
आमच्या सड्याचा तुकडा बाबांनी खाणीला दिला. कटर मशीन सुरू झालं की तांबडी धूळ थेट वळणीवरच्या कपड्यांवर. आई रोज कुरकुरायची. पण त्याच पैशात ताईचं लग्न झालं, त्यामुळे बाबांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

शाळामास्तर
माझ्या शाळेच्या पटावर निम्मी मुलं खाणीवरची, विजापूर-बागलकोटकडची. दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडावर खाण बंद झाली की जातात. गावची मुलं मुंबईत, तेव्हा शाळा चालू आहे ती या पोरांच्या जिवावर. घरी कन्नड, वर्गात प्रमाण मराठी, आणि मैदानात 'वायच थांब रे!'

खाणीवरचा
सर, मी त्याच पोरांतला. वडील कामाला आले ते परत गेलेच नाहीत. माझं रेशनकार्ड इथलं, शिमग्याला पालखी खांद्यावर घेतो. गणपतीत चाकरमानी येतात आणि विचारतात, 'तू कुठला रे?' त्यांच्या घराची शाकारणी मेमध्ये मीच केलेली असते.

चाकरमानी
विचारणाऱ्यांत मीही असेन. चुकलंच.
माझी आठवण वेगळी आहे. सड्यावरच्या कोरलेल्या रेघांना आम्ही पांडवांचं काम समजायचो आणि त्यावरच स्टंप मांडायचो. पुढे कळलं, ही कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती पाहून या, भला थोरला, आणि त्याच्या अंगात किती तरी प्राणी कोरलेले! 2022 मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या स्टंपांची जागा मात्र आता खाणीत आहे. दोन पुरुष खोल.

शाळामास्तर
पावसात त्याच खड्ड्यांत पाणी भरतं. पोरं पोहायला पळतात. कडा सरळ तासलेल्या, वर यायला पायरी नाही. दर जूनला वर्गात पहिला धडा हाच घेतो. कुंपण घाला म्हणून किती जणांना सांगितलं!

माहेरवाशीण
आमच्या बंद खाणीत भावाने बाहेरून माती आणून हापूसची कलमं लावली. दोन वर्षं जोमात होती, गेल्या पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजायला लागली. कातळ फोडून पाणी बाहेर काढायची वाट कोणी केली आहे का? आणि खर्च किती आला?

खाणीवरचा
ताई, उताराच्या बाजूने चर मारावा लागेल. कटर माझ्याकडे आहे. भावाला सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आत बोलवा.