पोलिसावर केस करायला सरकारची परवानगी लागतेच का? सोलापुरातल्या वकील मंडळींनी सांगा

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ रिक्षा चालवतो. मागच्या आठवड्यात पॅसेंजरबरोबरच्या भांडणावरनं त्याला रात्री एका पोलीस ठाण्यात नेलं आणि तिथं लै मारलं, उजवं मनगट मोडलंय, तळपाय अजून काळेनिळे आहेत. त्याच्यावर कसलाच गुन्हा नाही, डायरीत नोंद नाही, पहाटे सोडून दिलं आणि आता विचारायला गेलं की म्हणतात असा कोणी माणूस इथं आणलाच नव्हता. दोन वकिलांकडं जाऊन आलो, दोघांचं म्हणणं एकच, सरकारी नोकरावर खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते, ती काय मिळत नाही, मिटवून टाका. मावशी पण म्हणते नादाला लागू नका. पण पोराला हँडल धरता येईना आणि रिक्षाचा हप्ता चालूच आहे.

परवा यूट्यूबवर अमेरिकेतल्या एका सिव्हिल राइट्स वकिलाची मुलाखत बघितली, अधिकाऱ्यांना कायद्याचं जे कवच असतं त्याच्याच विरोधात त्या केसेस लढतात. आपल्याकडं हे होतं का? का खरंच मिटवायचं?

काळा_कोट

मिटवू नका. मी इथंच जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला सांगितलं ते फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १९७, आता नव्या कायद्यात म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१८. पण ते सरसकट सगळ्यांना नाही. ज्याला सरकारच्या मंजुरीशिवाय नोकरीवरून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यासाठी ते मुळात आहे. शिपाई-हवालदार त्यात आपोआप येत नाहीत, पण राज्य सरकार नोटिफिकेशन काढून पोलिसांना ते लागू करू शकतं, त्यामुळं मारणारा कुठल्या हुद्द्याचा आहे आणि त्याला काय लागू आहे हे आधी तपासायचं. आणि दुसरं, कृत्य सरकारी कर्तव्याचा भाग म्हणून केलेलं पाहिजे. सगळी लढाई ह्या दुसऱ्या मुद्द्यावर होते.

इथं एक अडचण आहे ती लपवत नाही. २०२० मध्ये कर्नाटकातल्या देवराजा प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की पोलिसानं कर्तव्य करताना मर्यादा ओलांडली तरी त्या कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागेल. समोरचा वकील हेच वाचून दाखवणार. पण तुमच्या भावाच्या बाबतीत पोलीसच म्हणतायत की माणूस आणलाच नव्हता. मग कर्तव्य कुठलं? अटक नाही, नोंद नाही, तपास नाही. एकाच तोंडानं 'आणलाच नाही' आणि 'ड्युटीवर असताना मारलं म्हणून संरक्षण द्या' असं दोन्ही म्हणता येत नाही, हे कोर्टाला ठासून सांगायचं. म्हणून ते जे जे नाकारतायत ते लेखी मिळवा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून त्या रात्रीच्या डायरीची प्रत मागा. नकार आला तरी तो कागद आपल्याच कामाचा.

आणि मंजुरी लागलीच तरी आता सरकारला १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाही दिला तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. वर्षानुवर्षं फाईल दाबून ठेवायची सोय तेवढ्यापुरती तरी गेली.

मूळ_अक्कलकोट_रोड

मी सोलापूरचाच, नोकरीनिमित्त ओहायोत असतो, मुलाखतीतल्या त्या विषयावर थोडं लिहितो. तिथं मंजुरी वगैरे भानगड नाही, १८७१ च्या कायद्याखाली नागरिक अधिकाऱ्यावर थेट भरपाईचा दावा टाकू शकतो. पण कोर्टांनीच एक अट घातली, ती पक्की झाली १९८२ च्या हार्लो निकालात, की मोडलेला हक्क आधीपासून 'स्पष्टपणे प्रस्थापित' पाहिजे. म्हणजे साधारण तशीच घटना आधीच्या एखाद्या निकालात बेकायदा ठरलेली दाखवायची. टेनेसीतलं बॅक्स्टर प्रकरण बघा, माणूस हात वर करून खाली बसलेला आणि पोलिसांनी त्याच्यावर कुत्रं सोडलं. वकिलांनी आधीचा निकाल दाखवला त्यात माणूस आडवा पडलेला होता. कोर्ट म्हणालं तो आडवा होता, हा बसलेला, पोलिसाला ह्यातनं स्पष्ट कळत नव्हतं, सुटला. २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ऐकायलाच नकार दिला. हे वाचून मला रात्रभर चैन नव्हतं. त्याच वर्षी कोलोरॅडो आणि पुढच्या वर्षी न्यू मेक्सिको ह्या राज्यांनी आपल्या कायद्याखालच्या दाव्यांत हा बचाव काढूनच टाकला. अशा वकिलांनी एकेक केस लोकांसमोर आणली नसती तर एवढं झालं नसतं असं माझं मत.

बाळीवेस_निवृत्त

मी महसूल खात्यातनं रिटायर झालोय म्हणून दुसरी बाजू सांगतो. भीमेच्या पात्रात रात्री वाळूचे ट्रक अडवणारा तलाठी, नायब तहसीलदार, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी खोट्या तक्रारी कशा पडतात ते डोळ्यानं बघितलंय. संरक्षण नसेल तर कोण रात्री नदीत उतरेल. ते पाहिजेच. पण मनगट मोडणाऱ्याला आणि ट्रक अडवणाऱ्याला एकच छत्री, हे मला कधी पटलं नाही. १९३० ला आपल्या गावात मार्शल लॉ लागला तेव्हाही हेच कलम ह्याच नंबरनं पुस्तकात होतं, १८९८ च्या कायद्यात. राज्यकर्ते बदलले, कलम राहिलं.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. काळा कोट साहेब, ह्या भरपाईचं काय? हायकोर्टात जायचं म्हणजे मुंबईला किती फेऱ्या?

काळा_कोट

मुंबई नको आता. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे.

भरपाईसाठी राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात याचिका. तिथं 'सरकार सार्वभौम, आम्ही जबाबदार नाही' हे चालत नाही. १९६५ च्या कस्तुरीलाल केसमध्ये ते चाललं होतं, मेरठमध्ये पोलिसांनी सराफाचं सोनं जप्त केलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला आणि सुप्रीम कोर्टानं सरकारला मोकळं सोडलं. पण १९९३ मध्ये नीलाबती बेहरा प्रकरण आलं. ओडिशातली आई, २२ वर्षांचा मुलगा पोलीस चौकीतनं दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर सापडला, पोलीस म्हणाले पळून गेला आणि गाडीखाली आला. तिनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टानं तेच याचिका म्हणून घेतलं, दीड लाख द्यायला लावले आणि सांगितलं की मूलभूत हक्क मोडला तर सार्वभौमत्वाचा बचाव नाही.

आता मुदतीचं, हे नीट वाचा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये पोलिसाविरुद्ध दावा किंवा खटला सहा महिन्यांत टाकावा लागतो, खटल्याला सरकारची मंजुरी असेल तरच दोन वर्षं. ते कलम आपल्याला लागूच होत नाही असा वाद घालता येतो, पण त्या भरवशावर बसू नका. दिवाणी दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस लागते, ते पण त्यातच बसवायचं. तक्रार पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं उद्याच टाका आणि त्यातच लिहा की त्या रात्रीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या आदेशानं ते किमान वर्षभर ठेवायला लागतं आणि राज्य मानवाधिकार आयोग ते मागवू शकतो, तिथं घटनेपासून एका वर्षात अर्ज करता येतो. गुन्हा नोंदवला नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जायचं, तिथं आता वरिष्ठाचा अहवाल आणि त्या पोलिसाचं म्हणणं घेतात, त्याला वेळ जातो, तयारी ठेवा.

सिव्हिल हॉस्पिटलला दाखवलं तेव्हा मेडिको-लीगल नोंद केली का?

जुळे_सोलापूरकर

हो केली, डॉक्टरांनी स्वतःच विचारलं कशानं लागलं म्हणून, भावानं खरं सांगितलं आणि त्यांनी तसंच लिहिलं.

काळा_कोट

मग निम्मं काम झालं मालक. त्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत घ्या, एक्स-रेची नुसती रिपोर्ट नको, फिल्म पण घ्या. तळपायाचे फोटो आजच काढा, तारीख दिसली पाहिजे. आणि भावाचा बॅज, परमिट, हप्त्याच्या पावत्या, स्टँडवरच्या दोन रिक्षावाल्यांची नावं ज्यांनी त्याला नेताना बघितलं, सगळं एका फाईलीत घालून ठेवा. रोजची कमाई किती बुडाली ते ह्याच कागदांवरनं दाखवायला लागणार आहे.