बी.ए. सेटची ४५ मिनिटं: वाड्यात शिरल्यावर प्रत्यक्षात किती धरायची?

कसबा_प्रशिक्षण
मंडळी, नव्या फायरमनसाठी धुरात शिरण्याचे नियम साध्या मराठीत लिहून काढतोय. डोळ्यांसमोर पेठांतले जुने वाडे, त्यांच्या तळमजल्यावरची गोदामं आणि नव्या इमारतींची तळघरं आहेत. बी.ए. सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण) ६.८ लिटर, ३०० बारचे; बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप. तीन ठिकाणी अडलोय. ४५ मिनिटांचा सेट म्हणतात, पण काम करताना किती धरायची? "शिट्टी वाजली की निघायचं" एवढं लिहून भागेल का (हवा संपत आली की सेटचीच शिट्टी वाजते)? आणि पहिली गाडी पोचते तेव्हा माणसं मोजकी असतात, तर बी.ए. बोर्ड (आत कोण, कधी, किती हवा घेऊन गेलं ते लिहायचा फळा) चालकाकडे द्यावा का? आकड्यांत सांगा, म्हणजे पोरांच्या डोक्यात पक्कं बसेल.

हवेचा_हिशोब
४५ मिनिटं हा आकडा मिनिटाला ४० लिटर श्वास धरून काढलेला असतो. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २०४० लिटर. पण एवढ्या दाबाला हवा त्या प्रमाणात दबत नाही, त्यामुळे खरी हवा १८५० च्या आसपास. शिट्टी ५५ बारला (पाच इकडेतिकडे) वाजते. त्याखालची ३७५ लिटर हिशोबातून काढा. उरली १४७५. पाण्याने भरलेला होज ओढत जिना चढणारा माणूस मिनिटाला ६० लिटर सहज घेतो, कुणाला उचलून आणायचं असेल तर ८०. म्हणजे २४ मिनिटं, नाहीतर १८. जाणं, काम आणि येणं सगळं ह्यातच.

शिट्टीवर निघायचं असं कृपा करून लिहू नका. शिट्टी वाजते तेव्हा सहा मिनिटांची हवा उरलेली असते आणि धुरात जिना सापडायलाच तेवढी लागतात. शिट्टीच्या वेळी माणूस दाराबाहेर हवा. त्यासाठी परतीचा दाब काढायला शिकवा. शिरताना २८० बार, कामाच्या जागी पोचल्यावर २३०, म्हणजे जायला ५० लागले. यायला दुप्पट धरायचे, १००, कारण येताना माणूस दमलेला असतो, वाट चुकते, जोडीदाराला ओढावं लागू शकतं. त्यात शिट्टीचे ५५ मिळवा: १५५. गेज १५५ वर आलं की हातातलं काम आहे तिथे सोडून फिरायचं. कामाला मिळाले ७५ बार, जेमतेम आठ मिनिटं! हा हिशोब पोरांकडून फळ्यावर स्वतःच्या हाताने करून घ्या. जोडीत ज्याचं गेज कमी, त्याच्या आकड्यावर दोघांनी फिरायचं.

भरण्याबद्दलही एक ओळ हवी. कॉम्प्रेसरवर घाईने भरलेलं सिलिंडर तापतं. ६० अंशांना ३०० दाखवणारं गेज ३० अंशांवर आलं की २७३ दाखवतं. गार झाल्यावर पुन्हा पाहून वर भरा. पाळी बदलताना व्हॉल्व्ह उघडून परत बंद करा आणि मिनिटभर गेज बघा. १० बारपेक्षा जास्त उतरलं तर तो सेट गाडीवर नको. मग हवा हळूहळू सोडत शिट्टी कितीला वाजते ते ऐका. शेवटी सिलिंडर बंद ठेवून मास्कमध्ये श्वास ओढा. मास्क तोंडाला चिकटून तसाच राहिला पाहिजे. दोन दिवसांची दाढी असली तरी तो धरत नाही, हे स्पष्ट लिहा.

रात्रपाळी_तांडेल
बोर्ड चालकाकडे नको. तो पंपावर असतो. त्याचं लक्ष दाबावर आणि टाकीतल्या पाण्यावर. आत ब्रांचवर (होजच्या टोकाच्या पाणी मारायच्या नळीवर) दोघे असताना पाणी तुटलं तर ती चूक बोर्डच्या चुकीएवढीच महाग. बोर्डवाल्याला दुसरं कुठलंही काम नाही: टॅली (सेटवरचा ओळखीचा बिल्ला) घ्यायची, नाव, शिरतानाचा दाब, वेळ आणि कुठे गेले ते लिहायचं, दर पाच मिनिटांनी वॉकीटॉकीवर गेज विचारायचं. उत्तर आलं नाही तर ती लगेच आणीबाणी समजायची.

शिवाय सेट पाठीवर चढवलेली दुसरी जोडी दारात उभी हवी, स्वतःचा भरलेला होज घेऊन. एवढी माणसं नसतील तर दुसरी गाडी येईपर्यंत वाड्याच्या चौकातून, खिडकीतून बाहेरूनच पाणी मारा. आत माणूस अडकल्याची खात्री असेल तरच अपवाद, आणि तो निर्णय गाडीवरच्या अधिकाऱ्याने बोलून घ्यायचा.

कडीपाट
वाड्यांबद्दल थोडं सविस्तर. वरचा मजला म्हणजे लाकडी कड्या, त्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. ६३ मिमीच्या होजवरची ब्रांच मिनिटाला ४५० लिटर टाकते असं धरलं तर पाच मिनिटांत सव्वादोन टन पाणी. त्यातलं बरंचसं ती माती पिते. जळक्या कडीवरचं ओझं आपणच वाढवत असतो.

सागवान मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर जळतं, म्हणून कडी मधून सहसा आधी तुटत नाही. दगा देतं ते भिंतीत गेलेलं टोक. वर्षानुवर्षांच्या ओलीने आणि वाळवीने ते आधीच पोकळ झालेलं असतं. बाहेरून रंग लावलेला असतो, त्यामुळे काही कळत नाही. भिंतीलगत कडीखालून माती भुरभुरायला लागली, पाटांच्या फटी रुंदावल्या किंवा तुळई आणि खांबाच्या सांध्यात फट दिसली की वरची आणि खालची दोन्ही माणसं बाहेर. वर सरकताना खोलीच्या मधून जाऊ नका, भिंतीच्या कडेने जा, पण पुढचा पाय टाकण्याआधी हूलीबारने (दारं तोडायच्या लोखंडी पहारीने) ठोकून पाहा. बाहेरच्यांनी मातीच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट लांब राहायचं. पेठेतल्या बोळात एवढी जागा मिळत नाही, तेव्हा वाड्याच्या कोपऱ्याशी उभं राहा; भिंत पडते ती बहुतेक मधून.

जाड भिंतींत वॉकीटॉकी दगा देतो, म्हणून होज हातातून सोडायचा नाही. वाट चुकली तर हातमोज्याने कपलिंग (होजचे दोन तुकडे जोडणारा सांधा) चाचपा. ज्या बाजूच्या तुकड्याला लग (सांधा सोडवायचे बाहेर आलेले कान) आहेत, पंप तिकडे, म्हणजे बाहेरची वाट तिकडे. हे डोळे बांधून पंचवीस वेळा करून घ्या.

कसबा_प्रशिक्षण
परतीच्या दाबाचं गणित जसंच्या तसं घेतो. कुलिंगच्या वेळी (आग विझल्यावर जागा थंड करताना) ज्वाळा नसतात, तेव्हा मास्क काढू द्यावा का?

हवेचा_हिशोब
नाही. जळक्या गाद्या आणि फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड तेव्हाही निघत असतो. गॅस मीटरने जागा मोकळी झाल्याचं दाखवेपर्यंत मास्क तोंडावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय.

रात्रपाळी_तांडेल
त्याला जोडून: बाहेर आल्यावर मास्क काढण्याआधी अंगावरच्या सूटवर कमी दाबाने पाणी मारून काजळी उतरवा. अंग भाजलेलं नाही ना, तेवढं आधी विचारा. मग सूट पिशवीत बंद. तो केबिनमध्ये माणसांशेजारी ठेवून स्टेशनवर आणायचा नाही. धुताना ब्लीच नको, पाणी ४० अंशांपर्यंतच. आणि वाळत घालायचा सावलीत. आपल्याकडे तो हमखास गच्चीवर उन्हात टाकतात आणि उन्हाने अरामिडचा (सूटच्या आग न धरणाऱ्या कापडाचा) धागाच कमजोर होतो.