सायप्रसच्या झाडांवरचे भुंगेरे: फवारणीआधी कापलेल्या ओंडक्यांचं बघा

सायप्रसच्या झाडाला साल पोखरणारे भुंगेरे लागून शेंडे तपकिरी पडले की लगेच कीटकनाशक मारा आणि झाडाला पाणी द्या, असा सल्ला दिला जातो. त्यातला कीटकनाशकाचा भाग मला पटत नाही. अळ्या सालीच्या आत असतात, बाहेरून मारलेलं औषध तिथवर पोचतच नाही. फवारणीचा उपयोग झालाच तर भुंगेरे शिरण्याआधी, खोडावर. शिवाय नुसते शेंडे वाळून लोंबत असतील तर बहुधा प्रौढ भुंगेऱ्यांनी कोवळ्या काड्या पोखरलेल्या असतात. दिसायला वाईट, पण एवढ्यानं झाड मरत नाही. खोडाची सुटलेली साल उचलून पाहा. खाली उभा बोगदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक आडव्या नळ्या खोडभर दिसल्या, तर मात्र ते झाड गेल्यात जमा.

पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, फक्त बुंध्याशी रोज शिंपडून भागत नाही. फांद्यांच्या घेराखाली खोल मुरेल असं, अधूनमधून द्यावं. त्या सल्ल्यात राहून गेलेली गोष्ट म्हणजे कापलेलं लाकूड. लोक वाळकं झाड तोडतात आणि ओंडके सरपण म्हणून कुंपणालगत रचतात. भुंगेऱ्यांची पुढची पिढी तिथूनच निघून शेजारच्या तहानलेल्या झाडांवर जाते! ताजे ओंडके लगेच सोलावेत, नाहीतर यंत्रातून बारीक तुकडे करून घ्यावेत.