शौचाला झाली म्हणून निर्धास्त राहू नका
आतडं अडल्याचा संशय असलेला पेशंट वॉर्डात असला की काहींना वाटतं, सकाळी शौचाला झाली म्हणजे आतडं अडलेलं नसणार. हे धरून चालू नका. अडथळ्याच्या खाली आधीचं साठलेलं सुरुवातीला बाहेर पडतंच. अर्धवट अडथळ्यात तर पातळ जुलाबही होतात. त्यापेक्षा "वारा सरतोय का, शेवटचा कधी सरला?" हे विचारा.

उलटी बघितल्याशिवाय टाकू नका. लहान आतड्यात वरच्या बाजूला अडलं असेल तर हिरवट उलट्या लवकर आणि भरपूर होतात, पोट मात्र फारसं फुगत नाही. मोठ्या आतड्यात उलट: पोट नगाऱ्यासारखं, उलटी उशिरा. पोटाचा घेर मोजताना बेंबीच्या पातळीला दोन्ही कुशींवर पेनाने खूण करा, नाहीतर प्रत्येक ड्युटीला टेप वेगळीकडे आणि आकडे निरर्थक. जांघाही बघा. अडकलेला हर्निया तिथे सापडतो, आणि संकोचापोटी नेमकं तेच तपासायचं राहतं.

येऊन-जाऊन येणारी कळ सतत दुखू लागली, नाडी वाढली, ताप आला, पोट कडक लागलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. राउंडची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) काहीच येत नसेल तर "पोट रिकामं झालं" असं समजण्याआधी नळी तुंबली किंवा सरकली नाही ना, ते बघा. नळीतला निचरा आणि लघवी दोन्ही चार्टवर हवेत. लघवी ताशी, वजनाच्या किलोमागे ०.५ मिलीच्या खाली गेली तर कळवा. आणि नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी जुलाबाचं औषध स्वतःहून देऊ नका.